होडीआधी ड्युटी

आमच्या घरात पाण्यात जायचं काम मुलाचं. थर्मास आणि कोरडे मोजे घेऊन काठावर उभं राहायचं काम माझं. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने घराजवळच्या सेलिंग क्लबात ऑप्टिमिस्ट नावाच्या पिटुकल्या होडीत पहिला कोर्स केला आणि शेवटच्या दिवशी माझ्या हातात सभासदत्वाचा फॉर्म आला. कौटुंबिक वर्गणी वर्षाला ३१० पाउंड. जिमची भरतो तशी भरायची आणि विसरायचं, असं समजून मी सही ठोकली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक प्रौढ सभासदाने वर्षाला चार ड्युट्या, म्हणजे क्लबाची वाटून दिलेली कामं, करायच्या आणि चुकवली तर ५० पाउंड दंड. दुसरं पान मी वाचलंच नव्हतं.

हे लिहिते आहे कारण गेल्या काही महिन्यांत इथल्या तीन मराठी घरांतून मला एकच प्रश्न आला, "आम्हाला होडीतलं ओ की ठो कळत नाही, क्लबात जाऊन करणार काय?" मलाही कळत नव्हतं. पोहताही येत नव्हतं. म्हणून जानेवारी २०२४ पासूनचं वर्ष जसं गेलं तसं सांगते, कागद, खर्च आणि माझ्या चुकांसकट.

आधी जागा. आम्ही इंग्लंडमधल्या बर्कशायरमध्ये राहतो, रेडिंगच्या बाजूला. थेम्सच्या खोऱ्यात इथे बांधकामासाठी वाळू-खडी काढून ठेवलेले मोठमोठे खड्डे आहेत. खाण बंद झाली की जमिनीतलं पाणी वर येतं आणि खड्ड्याचं तळं होतं. कुठे मासे धरणारे बसतात, कुठे होड्या चालतात. आमचा क्लब अशाच एका तळ्यावर आहे. एक लाकडी घर, एक तरंगता धक्का, कुंपणाआड साठ-सत्तर होड्या आणि पगारी माणूस एकही नाही. हे 'पगारी माणूस नाही' प्रकरण माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. तोवर मी नळ गळतोय याची तक्रार कोणाकडे करायची ते शोधत होते.

आणि मी सांगलीची. माहेर गावभागात. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागल्या की लहानपणी आयर्विन पुलावर जागा धरायला धावायचो, पण पाण्यात कधी उतरले नाही. मुलींनी उतरायचं नसतं, इतकंच कारण. पुढे २०१९ च्या ऑगस्टात त्याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आईला मामेभावाने आधीच विश्रामबागला नेलं होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं फार झाली होती. मी इथे रात्रभर फोन धरून बसले होते. तेव्हापासून पाण्याच्या कडेला गेलं की पोटात गोळा यायचा. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या गोळ्यासकट झालेलं आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नगरपालिकेच्या तलावात मोठ्यांचा पोहण्याचा वर्ग लावला. दहा आठवडे, ८५ पाउंड. वर्गात आम्ही सहाजण, चौघी दक्षिण आशियातल्या. नाताळपर्यंत मला फक्त तरंगता येत होतं आणि मार्चमध्ये कसाबसा पंचवीस मीटरचा एक पल्ला झाला. क्लबात मदत करायला पोहता यायलाच हवं अशी आमच्याकडे अट नाही. अंगावर तरंगजॅकेट असतंच. पण धीर येतो.

१३ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेनऊ. ईमेलमध्ये 'वर्क पार्टी' लिहिलं होतं. नवरा म्हणाला, "पार्टी आहे तर काहीतरी घेऊन जा." मी केक घेऊन आणि बरा कोट घालून गेले. दोन अंश तापमान, चिखल, आणि पंचवीस-तीस माणसं करवती, फावडी घेऊन उभी. पार्टी कसली, श्रमदान! केक मात्र साडेअकराला संपला.

त्या दिवशी दोन कामं होती. काठावरच्या विलोच्या फांद्या कापायच्या होत्या. मार्चपासून पक्षी घरटी बांधतात, मग ऑगस्टपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, त्यामुळे कापाकापी हिवाळ्यातच उरकावी लागते. दुसरं काम शर्यतीच्या फुग्यांचं. तळ्यात ज्यांना वळसा घालून होड्या जातात ते मोठे रंगीत प्लॅस्टिकचे फुगे, त्यांना इथे 'मार्क' म्हणतात. ते साखळ्यांसकट ओढून काठावर आणले होते. मला एक पत्रा दिला आणि फुग्याला चिकटलेले शिंपले खरवडायला बसवलं.

क्लबाच्या बोटींची निगा राखणाऱ्याला 'बोसन' म्हणतात. आमचे बोसन सत्तरी ओलांडलेले, निवृत्त गणिताचे शिक्षक. शिंपले झाल्यावर त्यांनी माझ्या हातात शॅकल दिलं, म्हणजे साखळी आणि दोर जोडणारी लोखंडी कडी. तिची पिन आवळून झाल्यावर पिनेच्या डोळ्यातून बारीक तार ओवायची, दोन फेरे घ्यायचे आणि टोकं पकडीने पिळायची. तार नसेल तर पाण्याच्या सततच्या हलण्याने पिन आपोआप फिरत फिरत निघते आणि जूनमध्ये एखाद्या सकाळी फुगा भलत्याच काठाला लागलेला सापडतो. मी अकरा शॅकल बांधली. बोटं बधिर झाली होती. त्यांनी प्रत्येक तार ओढून पाहिली, दोन परत करायला लावल्या. 'छान छान' असं काही म्हणाले नाहीत. मला ते आवडलं.

पहिली टीप इथेच देते. ज्यांना होडीतलं काही कळत नाही त्यांनी उन्हाळ्यात ओपन डेला न जाता जानेवारीत वर्क पार्टीला जावं. ओपन डेला तुम्ही पाहुणे असता. जानेवारीत कोणी विचारत नाही की तुम्हाला काय येतं. एक काम देतात आणि बारापर्यंत निदान सहा माणसांची नावं पाठ होतात. रबरी बूट आणि कामाचे हातमोजे मात्र स्वतःचे न्या. माझे बूट २५ पाउंडांचे, अजून शाबूत आहेत.

दुपारी स्वयंपाकघरातून बेकन रोल आले. होडीवरच्यासारखं याही स्वयंपाकघराला 'गॅली' म्हणतात. आम्ही शाकाहारी. चीज-ब्रेडवर भागवलं आणि पुढच्या महिन्यात बटाटेवडे आणीन असं बोलून बसले. बोलणं सोपं होतं. गॅली बघणाऱ्या बाईंनी एक तक्ता पुढे केला. इथल्या कायद्यात चौदा पदार्थांची यादी आहे, ज्यांची कोणाला ॲलर्जी असू शकते. विकायच्या पदार्थात त्यातलं काय आहे ते सांगावंच लागतं. मी म्हटलं, बटाटा आणि बेसन, त्यात काय असणार? मग यादी वाचली. मोहरी आहे त्यात! फोडणीच गेली यादीत. तीळ आहेत, शेंगदाणे आहेत. मग हिंगाची डबी उलटून पाहिली तर तिच्यात गव्हाचं पीठ, म्हणजे ग्लूटेन. आयुष्यभर वापरला तो हिंग, पण डबीची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. वड्याशेजारी पाटी लागली, 'मोहरी, गहू'. फेब्रुवारीत चाळीस वडे वीस मिनिटांत संपले आणि बोसननी चटणी जरा जास्तच घेतली.

कागदपत्रांचं प्रकरण त्याच सुमारास सुरू झालं. शुक्रवारी संध्याकाळी मुलांचं सत्र असतं आणि तिथे दर आठवड्याला मदत करायची तर डीबीएस तपासणी लागते. मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्याची पोलिसांकडची नोंद तपासतात, ती ही. नुसत्या वर्षाच्या चार ड्युट्यांसाठी आमच्या क्लबात ती कोणी मागत नाही, त्यामुळे उगाच घाबरू नका. स्वयंसेवकाला डीबीएसची सरकारी फी नाही. काही मध्यस्थ संस्था हाताळणीचे थोडे पैसे घेतात, मला पडले नाहीत. व्हिसाचं म्हणाल तर तेव्हा मी स्किल्ड वर्कर व्हिसावर होते. त्यावर बिनपगारी स्वयंसेवा चालते.

अर्ज ५ फेब्रुवारीला भरला आणि २० तारखेला परत आला. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. फॉर्म म्हणतो, आजवर वापरलेली सगळी नावं लिहा, कधीपासून कधीपर्यंत तेही. आता आपल्या बायकांची नावं! लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. आडनाव बदललेलं. पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र 'गिव्हन नेम' म्हणून छापलेलं, इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायब, बँकेच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. वर सासरी लग्नात नाव बदललं होतं, ते फक्त तांदळाच्या ताटात आणि पत्रिकेवर राहिलं. ते लिहायचं की नाही? क्लबाच्या वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या बाई, माझ्याबरोबर दोन तास बसल्या. शेवटी ठरलं की कुठल्याही अधिकृत कागदावर छापलेलं प्रत्येक नाव जसंच्या तसं लिहायचं, तारखांसह. ताटातलं नाव ताटातच राहू दे. ओळखीसाठी पासपोर्ट, बीआरपी कार्ड (परदेशी माणसांना तेव्हा मिळायचं ते निवासाचं ओळखपत्र) आणि लायसन्स दाखवलं. २१ मार्चला सर्टिफिकेट टपालाने घरी आलं.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सर्टिफिकेट निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसमध्ये नाव नोंदवा. स्वयंसेवकांना ती फुकट आहे. मग पुढे शाळेत किंवा मराठी मंडळाच्या बालवर्गात त्याच प्रकारची तपासणी मागितली, तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागत नाही. माझ्या एका मैत्रिणीने एकतिसाव्या दिवशी प्रयत्न केला होता.

१६ मार्चला प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स केला, ५५ पाउंड, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. तिथे मला सगळ्यात उपयोगी पडलं ते थंड पाण्याबद्दलचं. थंडगार पाण्यात पडलं की माणूस आपोआप धापा टाकायला लागतो, आणि नेमकी हीच पहिली एक-दोन मिनिटं धोक्याची. हातपाय मारू नका, पाठीवर पडून तरंगा, श्वास ताब्यात आला की मग पुढचं. समुद्रावर जीव वाचवणारी इथली आरएनएलआय ही संस्था हाच सल्ला जागोजागी फलकांवर लावते. तिला त्याच महिन्यात, ४ मार्चला, २०० वर्षं पूर्ण झाली होती. १८२४ पासून चाललेलं काम आणि लाइफबोटीवरची बहुतेक माणसं स्वयंसेवक. कोर्समधल्या विसांपैकी तिघांनी कधी ना कधी तिथे काम केलेलं होतं आणि ते त्याबद्दल काही बोलत नव्हते. चहाच्या वेळी दुसऱ्यांकडून कळलं.

ड्युट्यांचा तक्ता फेब्रुवारीअखेर लागतो. ड्युटीमॅन नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. तुमची ड्युटी त्यात दिसते, आठवण येते, आणि अदलाबदल हवी असेल तर तिथेच दुसऱ्याला विनंती करता येते. माझ्या चार तारखा आल्या आणि मी डोळे मिटून 'मान्य' दाबलं. महिन्याभराने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं तर ७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी. सकाळी दहा ते चार सेफ्टी बोटीवर, म्हणजे उलटलेल्या होड्यांच्या मदतीला जाणाऱ्या इंजिनच्या बोटीवर! पाच जणांना विनंती पाठवली, चौघांनी नाही म्हटलं. एका गृहस्थांनी होकार दिला, पण बदल्यात २६ डिसेंबरची ड्युटी गळ्यात घातली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथे लोक चित्रविचित्र वेष करून बर्फासारख्या पाण्यात शर्यत लावतात. तर, मान्य करण्याआधी कालनिर्णय.

७ एप्रिलला हंगामाची पहिली शर्यत. सेफ्टी बोट चालवायचा कागद नव्हता, म्हणून मला शर्यत घेणाऱ्यांच्या हाताखाली दिलं. काम सोपं वाटलं. पाच मिनिटं असताना वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचा, झेंडा वर, भोंगा. चार मिनिटं असताना निळ्या चौकटीतल्या पांढऱ्या चौकोनाचा झेंडा वर, भोंगा. एक मिनिट उरलं की तो खाली. शून्याला वर्गाचा खाली, आणि होड्या सुटल्या. दोन दोऱ्या, एक घड्याळ. मी दोन मिनिटं असतानाच निळा झेंडा खाली ओढला.

पाण्यावर अठरा होड्या. काही लगेच रेषेकडे वळल्या, काहींनी आपापली घड्याळं पाहिली आणि आरडाओरडा सुरू झाला. रेस ऑफिसर बाईंनी शांतपणे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा निमुळता झेंडा चढवला आणि दोनदा भोंगा दिला, म्हणजे शर्यत पुढे ढकलली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता हा झेंडा का असतो ते तू आयुष्यात विसरणार नाहीस." सगळं पहिल्यापासून घेतलं. मी झेंड्यांच्या दोऱ्यांना रंगीत कपड्याचे चिमटे लावले. ते चिमटे अजून तिथे आहेत.

मे महिन्यात ११ आणि १२ तारखेला पॉवरबोट लेव्हल टू. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा हा दोन दिवसांचा कोर्स, सेफ्टी बोट चालवायची तर आमच्याकडे तो हवाच. बाहेरच्या केंद्रांत तो चांगलाच महाग आहे. क्लबातल्याच प्रशिक्षकांनी घेतल्यामुळे मला १४० पाउंडांत पडला. त्यासाठी ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा अखंड पोशाख, सूचनाफलकावरून जुना १२० ला घेतला. मनगटाचं रबर गेलेलं होतं, बोसननी बदलून दिलं.

पहिल्या दिवशी सकाळी दोन तास आम्ही इंजिन सुरूच केलं नाही. एका लाल दोरीबद्दल बोलत होतो. गुंडाळलेल्या टेलिफोनच्या वायरसारखी ती दिसते. एक टोक इंजिनच्या बटणाला, दुसरं चालकाच्या मांडीला. चालक पाण्यात फेकला गेला तर दोरी निघते आणि इंजिन थांबतं. नाहीतर रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत राहते आणि पंख्याखाली सापडतो तो पडलेला माणूसच. तिला 'किल कॉर्ड' म्हणतात. मांडीला अडकवली, मग हात लावून तपासली, मग चावी. मनगटाला नको, कारण सुकाणू वळवताना ती निघते. दोन दिवसांत मी हे निदान साठ वेळा केलं असेल. आता गाडीत बसले तरी हात मांडीकडे जातो.

बोट चालवणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे, हे कळायला अर्धा दिवस गेला. ब्रेक नाही. सुकाणू वळवलं की बोटीची शेपटी फिरते, नाक नाही. धक्क्याला लावताना मी तीनदा धडकले. चौथ्यांदा इतकी घाबरले की धक्क्यापासून दोन मीटरवरच थांबले. पडलेल्या माणसाऐवजी पाण्यात अर्धा भरलेला डबा टाकतात. त्याच्याकडे वाऱ्याच्या तोंडावर, अगदी हळू यायचं, न्यूट्रल, आणि डबा बाजूला लागला की इंजिन बंद. नुसतं न्यूट्रल पुरत नाही, बंद. मी डबा दोनदा बोटीखाली घातला. प्रशिक्षक म्हणाले, "हा आता गेला. पुन्हा."

रविवारी सहा जणांपैकी चौघांना सर्टिफिकेट मिळालं. मला नाही. धक्क्याला लावणं आणि माणूस उचलणं, एवढं पक्कं करून ये म्हणाले. गाडीत बसून रडले, खोटं कशाला सांगू. पुढचे तीन बुधवार संध्याकाळी एक जुनेजाणते सभासद माझ्याबरोबर तासभर तळ्यावर यायचे, फुकट. ते काही शिकवायचे नाहीत. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायचे आणि मी धडकले की "अरेरे" म्हणायचे. ६ जूनला पुन्हा परीक्षा झाली आणि कागद मिळाला.

सेफ्टी बोटीवरची पहिली ड्युटी १६ जून, रविवार. दोन माणसं लागतात, एक चालवणारा, एक हाताशी. चालवायला अनुभवी बाई, हाताशी मी. दीडच्या सुमारास झाडांच्या मागून वाऱ्याचा झोत आला आणि तीन होड्या एकदम आडव्या झाल्या. बाईंनी बोट वळवली आणि एवढंच म्हणाल्या, "डोकी मोज." नियम एवढाच. होडीकडे बघायचं नाही, शिडाकडे नाही. डोकी. पहिलीत एक माणूस, एक डोकं. दुसरीत एक, एक. तिसरी दोघांची. डोकं एकच.

किती वेळ गेला, बाई म्हणतात सात-आठ सेकंद. होडी पूर्ण उलटी झाली होती, तळ वर, काळा आणि गुळगुळीत. मी "एक! एकच!" म्हणून मराठीत ओरडले. आम्ही पोहोचेपर्यंत तळाच्या पलीकडच्या बाजूने दुसरं डोकं वर आलं. एक मुलगी, सतरा-अठराची, होडीखालच्या हवेच्या पोकळीत होती आणि दोरीत अडकलेला पाय सोडवून, श्वास घेऊन आरामात बाहेर आली होती. तिने अंगठा वर केला. माझे हात थरथरत होते, तिचे नाही. तळ्याच्या गाळात रुतलेली डोलकाठी काढायला पुढे वीस मिनिटं लागली.

रात्री आईला फोन केला तेव्हा हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं ना?" होतं. तिला मग जॅकेटचे प्रकार समजावत बसले. आमचं असतं ते ५० न्यूटनचं, तरंगत ठेवतं पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवण्याची खात्री नाही. खोल पाण्यावरचं १५० न्यूटनचं असतं, ते पालथ्याला उताणं करतं. तिने दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले.

जुलै गवत उपटण्यात गेला. तळ्याच्या तळापासून वर येणारं पाणगवत सुकाणूला गुंडाळतं, होड्या जागच्या जागी उभ्या राहतात. मंगळवारी संध्याकाळी आम्ही दाताळं घेऊन ते काठाला ओढायचो. बाहेरून कोणी होडी आणली तर ती आधी तपासायची, धुवायची, वाळवायची, असा इथे दंडक आहे, म्हणजे एका तळ्यातलं परकं गवत दुसऱ्यात जात नाही. फ्लोटिंग पेनिवर्ट नावाचं एक गवत या भागात फार माजतं. पंचगंगेतली जलपर्णी पाहिलेल्या माणसाला त्याचं वर्णन सांगावं लागत नाही.

आणि मग ५ ऑगस्टला तळंच बंद झालं. उकाड्यात काठाला हिरव्या रंगासारखी साय आली, निळं-हिरवं शेवाळ. ते विषारी असू शकतं, नुसतं बघून ओळखता येत नाही. कुत्र्यांना तर जिवावर बेततं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, निकालाला आठ दिवस लागले, आणि निकाल वाईट आला. मुलांचा उन्हाळी आठवडा रद्द. बावीस पालकांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेकांनी समजून घेतलं. एक गृहस्थ म्हणाले, तुमच्या मॅनेजरला फोन द्या. मी म्हटलं, मॅनेजर नाही, मी स्वयंपाकघरात वडे करते. तळं २३ तारखेला उघडलं.

ऑक्टोबरमध्ये ५ आणि ६ तारखेला सेफ्टी बोटीचा पुढचा कोर्स केला, १५० पाउंड. उलटलेली होडी सरळ करणं, ओढून आणणं, गाळात रुतलेली डोलकाठी कशी सोडवायची ते. पावसात दोन दिवस. या वेळी पहिल्या झटक्यात पास झाले. तीन ड्युट्या केल्यावर क्लबाने ७५ परत दिले. अशी सोय बऱ्याच क्लबांत असते, पण विचारावं लागतं. आपण विचारत नाही.

म्हणजे वर्षभरात पोहणं, दोन्ही कोर्स, प्रथमोपचार, बूट आणि ड्रायसूट मिळून ५७५ पाउंड गेले, ७५ परत आले. वर्गणी वेगळी. स्वतःची होडी घेतलेली नाही, घेणारही नाही.

नोव्हेंबरात बोटी झोपवतात. इंजिनांत गोडं पाणी फिरवायचं, टाकीतलं पेट्रोल काढायचं, तेल बदलायचं, रबरी बोटी धुऊन झाकायच्या. २३ तारखेला वार्षिक सभा. चाळीस खुर्च्या, तीस माणसं. अध्यक्षांनी विचारलं, ड्युट्यांचा तक्ता कोण करणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. गणपती मंडळाच्या सभेत 'हिशोब कोण बघणार' म्हटल्यावर अशीच शांतता पसरते. मी मान वर केली तेवढ्यात बोसन माझ्याकडेच बघत होते.

तर २०२५ चा तक्ता माझ्याकडे आला. ११ जानेवारीला शिंपले खरवडून, शॅकल बांधून आले आणि घरी येऊन कालनिर्णय उघडून बसले. गणेश चतुर्थी त्या वर्षी बुधवारी, अडचण नाही. दिवाळी मंगळवारी. गोची एकाच ठिकाणी होती. हंगामाची पहिली शर्यत ३० मार्चला, रविवारी, आणि पाडवाही त्याच दिवशी. शिवाय त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे जाणार होती. ती ड्युटी मी स्वतःच्याच नावावर टाकली, दुसऱ्या कोणाला सांगणार? गुढी सहाला, म्हणजे कालच्या पाचला उभारायची, नैवेद्य दाखवायचा आणि साडेनऊला झेंड्यांपाशी. चिमटे आहेतच.